सपाट तारा, गोल तारा

१७ नोव्हेंबर, रविवार

ही डायरी ऑइलच्या एजंटनं जानेवारीत दिली होती. दहा महिने कपाटात पडून होती. आजपासून लिहितो, कारण एक नवीन काम अंगावर आलंय आणि त्यातलं मला काहीच कळत नाही. मशिनच्या बाबतीतही माझी हीच सवय. जे कळत नाही ते आधी कागदावर लिहायचं.

काम असं की सिद्धोधनच्या गायन पार्टीसाठी बेस गिटार निवडायची. सिद्धोधन आमच्या कापसाच्या जिनिंगमधला वायरमन. मी हेडफिटर. पंधरा वर्षांची दोस्ती. त्याची पार्टी भीमगीतं म्हणते, लग्नात वाजवते, कुणी बोलावलं तर भजनालाही बसते. आजवर खालचा सूर तो कीबोर्डच्या डाव्या बाजूनं काढायचा. आता तिकडच्या पट्ट्या बसल्या. वर्गणी करून खरी बेस गिटार आणायची ठरलीय. तीही जुन्या धाटणीची, कारण जुनी गाणी जुन्याच आवाजात शोभतात असं त्याचं म्हणणं.

"पण वाजवणार कोण?" मी विचारलं.

"तू."

"मी वालूरला भजनात पखवाज वाजवलाय, बास. तेबी शाळेत असताना."

"म्हणूनच म्हणायलोय. तुझा डावा हात मला म्हाईत हाय. आन् कानाचं म्हणशील तर अख्ख्या सेलूत तुझ्यासारखा कान न्हाई. निवडायची बी तूच, वाजवायची बी तूच. चौदा एप्रिलला स्टेजवर पायजे गड्या."

कानाचं तो खरं बोलला. पेचकसचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावली की आतला बिघाड मला आठ दिवस आधी कळतो. बावीस वर्षं हेच करतोय.

घरी आल्यावर बायकोला, राजेश्रीला, सांगितलं. ती पाठमोरी बसून भाकरी थापत होती. काहीतरी बोलली. मी "काय?" म्हणालो तर "काही न्हाई" म्हणाली. हल्ली ती तोंडातल्या तोंडातच बोलते. कशावरून तरी रागावलेली असणार.

२४ नोव्हेंबर, रविवार

लेक निकिता परभणीहून आलीय. कॉलेजचं दुसरं वर्ष. तिनं दुपारभर मोबाईलवर बेस गिटारी दाखवल्या.

शिकलो ते असं. चारच तारा, पण जाड. तारांखाली चुंबक असतं, त्याला पिकअप म्हणतात. तार हलली की चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात वीज हलते आणि ती स्पीकरला जाते. म्हणजे गिटार हे अर्धं सुताराचं आणि अर्धं वायरमनचं काम आहे. साठ-सत्तर सालात जे दोन-तीन आकार निघाले तेच लोक अजून मागतात, म्हणून कंपन्या नवीन गिटारी त्याच साच्यात बनवतात. काही गिटारींचा तर रंग कारखान्यातच खरवडून जुनाट करतात! मला हसू आवरेना. आमच्याकडं मशिनचा रंग फुकटात खरवडून जातो.

तारांतही दोन जाती आहेत. एका जातीत जाड तारेवर गोल बारीक तार गुंडाळलेली असते, दुसरीत ती गुंडाळी चपटी करून टाकलेली. गोल आणि सपाट. जुन्या काळी सपाटच असायच्या म्हणे. दोन्हींचा आवाज लय वेगळा असतो असं एक पोरगा व्हिडिओत सांगत होता. निकितानं इयरफोन दिला. मला तर दोन्ही सारख्याच वाटल्या.

"पप्पा, आवो एक किती झणझण वाजायलीय, आन् दुसरी कशी मऊ!"

"मोबाईलमधी काय कळतंय? दुकानात जाऊन ऐकू."

संध्याकाळी अंगणात बसलो होतो. मी म्हणालो, आपल्या लिंबावर आधी किती चिमण्या असायच्या, आता एक नाही, मोबाईलच्या टॉवरनं सगळ्या घालवल्या. निकितानं वर झाडाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तिलाही वाईट वाटलं असेल.

५ डिसेंबर, गुरुवार

आज वाईट दिवस गेला.

अकराच्या सुमाराला कापूस वाहणाऱ्या पट्ट्याच्या टोकाला आग लागली. पट्टा फिरवणारं बेअरिंग कोरडं पडून तापलं, आणि ठिणगी कापसावर. पाच-सात मिनिटांत विझवली. माणसाला काही झालं नाही, पण सरकीसकट बराच कापूस जळाला आणि दिवसभर जिनिंग बंद राहिली.

मॅनेजर दत्तरावांनी सगळ्यांना आवारात उभं केलं. पट्ट्यापाशी भिवराबाई असते. पन्नाशीची बाई, आठ सीझन झाले आमच्याकडं कामाला.

ती म्हणाली, "मी फिटर साहेबांना सांगितलं व्हतं. ते माझ्या म्होरून चालले व्हते. तीनदा वरडले, तिकडं चिरकायलंय म्हणून. त्यांनी मान बी वळवली न्हाई."

मला झोंबलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मला कुणी काही सांगितलेलं न्हाई. आन् बेअरिंग चिरकलं असतं तर मला हिच्या आधी ऐकू आलं असतं."

माझ्या कानावर कोण शंका घेणार?

ती माझ्याकडं बघत राहिली. डोळे पुसले नाहीत, भांडलीही नाही.

६ डिसेंबर

भिवराबाईला घरी बसवलं. कामावर लक्ष नाही आणि वरून खोटं बोलते, असं दत्तराव म्हणाले. सिद्धोधन मुंबईला चैत्यभूमीवर गेलाय, नाहीतर त्याच्याशी बोललो असतो. मन लागत नाही. पण मी खोटं बोललो नाही. मला खरंच काही ऐकू आलं नव्हतं.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळच्या गाडीनं सिद्धोधन आणि मी औरंगाबादला. शहागंजच्या बाजूच्या गल्लीत हमीदभाईंचं वाद्यांचं दुकान आहे. साठीचा माणूस, पांढरी दाढी, तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवलेला. पुढं हार्मोनियम, ढोलक्या, आणि आत भिंतीवर गिटारी. आम्हाला पाहिजे होत्या तशा त्यांनी बाकावर काढून ठेवल्या.

पहिली सारंगीच्या भावकीतली वाटावी अशी, कमरेत बारीक, आतून पोकळ, उचलली तर कोंबडीइतकी हलकी. तिची मान आखूड. माझी डाव्या हाताची करंगळी मागं एकदा पट्ट्यात सापडलेली, ती पुरती वाकत नाही, पण हिच्यावर सहज पोचली. मला आवडली.

हमीदभाई म्हणाले, "घर के वास्ते अच्छी है. इश्टेज पे बाजू में स्पीकर का बडा डब्बा रख दिये तो हूँऽऽ करके रोने लगती. पोकळ है ना."

दुसरी भरीव लाकडाची, जड. एकच पिकअप, दोनच बटणं. मान जाड, कुदळीच्या दांड्यासारखी. तिसरी तशाच धाटणीची, पण दोन पिकअप, आणि मान टोकाकडं निमुळती होत गेलेली. मधी मधाळ पिवळी आणि कडंला काळपट तांबूस.

मी फिटरासारखी बघितली. डोळा टोकाला लावून मान सरळ आहे का पाहिलं, जसा शाफ्ट बघतो. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं, कुठं टोचतंय का. तारा आवळायच्या चाव्यांच्या दातांत किती खेळ आहे ते बघितलं. पट्टा गळ्यात घालून हात सोडले. दुसरीचं तोंड जमिनीकडं जायला लागलं, तिसरी जागेवर राहिली.

"सुतार है क्या?" हमीदभाईंनी विचारलं.

"फिटर."

"वोइच तो. हात बोलता."

मग तारांचा प्रश्न आला. तिसऱ्या जातीच्या त्यांच्याकडं दोन होत्या, एकीला गोल तारा, एकीला सपाट. मला पाठ करून बसवलं. हमीदभाईंनी वाजवलं. थांबले. पुन्हा वाजवलं.

"कौनसी अच्छी लगी? पयली का दुसरी?"

मी म्हणालो, "तुमी एकच दोनदा वाजवली."

सिद्धोधन हसला. "मजाक करायलास का? एकीत तार कशी चिरकायलीय! बोट सरकलं तरी कळायलंय."

पुन्हा वाजवलं. पुन्हा. खाली पोटात धम् धम् यायचं ते छान यायचं, अगदी पखवाजाच्या डाव्या पुडीसारखं भरदार. पण दोन्हींत फरक मला सापडेना. सिद्धोधनचं हसू बंद झालं.

हमीदभाई खुर्ची ओढून माझ्या पुढं बसले. "कहाँ काम करते मियाँ?"

"जिनिंगमध्ये."

"कित्ते साल?"

"बावीस."

त्यांनी गिटार भिंतीवर परत टांगली. "गिटार कहीं नहीं जाती. पयले कान दिखाओ किसी को. फिर आओ, मैं खुद निकाल के देतूं."

मला राग आला. गिऱ्हाईकाशी बोलायची ही काय रीत झाली? गाडीत सिद्धोधन खिडकीतून बाहेर बघत बसला. परतूर गेल्यावर म्हणाला, "महारुद्र, मी मागून हाक मारली की तू कधीच वळत न्हाईस. मला वाटायचं तू कामात असतोस."

मी झोपल्याचं सोंग घेतलं.

२२ डिसेंबर, रविवार

हे नीट लिहितो. एकही गोष्ट सोडायची नाही.

आठवडाभर सिद्धोधनचं बोलणं डोक्यात फिरत होतं. मशिनवर शंका आली तर आपण मशिन तपासतो. मग कान का नाही? निकिता आली तेव्हा म्हणालो, असं काही आहे का, की सूर हळूहळू वर चढवत न्यायचा आणि कुठं बंद पडतो ते बघायचं. तिच्या मोबाईलवर निघालं. पडद्यावर आकडा दिसतो, तेवढ्याच कंपनांचा सूर वाजतो. तिनं तो छोट्या स्पीकरला जोडला. मी डोळे मिटून बसायचं आणि ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा.

शंभरला स्पष्ट. तीनशे, पाचशे, हजार, स्पष्ट. दोन हजारला जरा लांब गेल्यासारखं. अडीच हजारला कापसात गुंडाळल्यासारखं. मग निकितानं मशिन बंद केलं. मी हात खाली घेतला आणि डोळे मिटूनच म्हणालो, "बंद का केलंस? चालू ठेव की."

डोळे उघडले तर आकडा चार हजारावर होता आणि पडद्यावर लाट पळत होती. स्वयंपाकघराच्या दारात राजेश्री दोन्ही कानांवर हात दाबून उभी होती. तिचे ओठ हलत होते. मी ओठ वाचले. "बंद करा ते! कान फाटायलेत!"

खोलीत एवढा आवाज होता आणि माझ्यासाठी खोली रिकामी होती.

निकितानं बंद केलं. मी म्हणालो, पुन्हा लाव. भीती वाटली नाही, खरं सांगतो. आधी नवलच वाटलं. स्पीकरच्या जाळीवर बोट ठेवलं तर बोटाला मुंग्या आल्या. कानाला काही नाही. पुन्हा खाली आणलं, पुन्हा वर नेलं. चार वेळा केलं. चारही वेळा मी त्याच जागी बंद पडलो.

मग विचारलं, "लिंबावर चिमण्या हायेत?"

निकिता म्हणाली, "हायेत पप्पा. सकाळी तर झोपू देत न्हाईत."

आणि तेव्हा मला भिवराबाई आठवली. बारीक आवाज तिचा. बेअरिंगचं चिरकणंही तसलंच, वरचं. दोन्ही त्याच रिकाम्या खोलीत.

ती तीनदा ओरडली होती.

२७ डिसेंबर, शुक्रवार

परभणीला कानाच्या डॉक्टरांकडं. काचेच्या खोलीत बसवून तासभर तपासलं. कागदावर रेघ काढून दिली. डावीकडं खालचे सूर, तिथं रेघ ठीक चाललीय, आणि मधून पुढं पोहऱ्याचा दोर सुटल्यासारखी खाली. दोन्ही कानांची तशीच.

डॉक्टर म्हणाले, रोज आठ-दहा तास अशा आवाजात बावीस वर्षं, दुसरं काय होणार. आतल्या बारीक पेशी गेल्या त्या परत येत नाहीत. कानाचं मशिन लावलं तर बोलणं कळेल. उरलंय ते सांभाळा.

मी विचारलं, "मग पेचकस लावून मला बेअरिंग कसं कळतं?"

"घरघर खालची असते. ती तुम्हाला अजून चांगली ऐकू येते. चिरकणं येत नाही."

म्हणजे मी अर्धं मशिन ऐकत होतो आणि अख्खं ऐकतो म्हणून मिरवत होतो.

२८ डिसेंबर

राजेश्रीशी बोललो. समोर बसून, लाईट लावून, तिचं तोंड दिसेल असं.

मी म्हणालो, "मला वाटायचं तू माझ्यावर रागावून पुटपुटतीस."

ती बांगडी फिरवत बसली. मग म्हणाली, "आन् मला वाटायचं तुमाला माझ्याशी बोलायचंच न्हाई. एक गोष्ट तीनदा सांगायची, तुमी हूं बी म्हणायचं न्हाई. शेवटी मी बी सोडून दिलं."

"असं काय सांगितलंस मला?"

"लय हाय. बचत गटाच्या बायका मला अध्यक्ष हो म्हणत व्हत्या, दोन वर्सं झाली. मी तुमाला इचारलं. तुमी डबा घेऊन निघून गेलात. मी समजले, नको म्हणायलेत. तिकडं जाऊन नको म्हणून आले."

मी तिला म्हणालो, हो म्हणायला पाहिजे होतंस. ती म्हणाली, "आता म्हणून काय." रडली नाही. पण त्यानंतर तिनं दोन वर्षांतल्या बारीकसारीक गोष्टी सांगायला सुरुवात केली, तिच्या बहिणीच्या पोराचं लग्न कसं मोडलं इथपासून. चहा तीनदा झाला. मी सगळं ऐकलं. काही निसटलं तिथं हात वर केला, तिनं पुन्हा सांगितलं.

३० डिसेंबर, सोमवार

सुट्टी टाकून भिवराबाईच्या वस्तीवर गेलो. ती शेळ्यांना पाला टाकत होती. मला बघून पाला टाकायची थांबली नाही. मी डॉक्टरांचा कागद काढला, सगळं सांगितलं. म्हणालो, तुम्ही खरं बोलला होतात.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मोठ्यानं, सावकाश बोलली, म्हणजे तिला कळलं होतं.

"तुमाला ऐकू आलं न्हाई ते ठीक. त्यात तुमचा काय गुन्हा? पण मला सगळ्याम्होरं लबाड ठरवलं. सून म्हणायली, मामी, तुमी झोपला असाल. आता तुमी हितं येऊन, शेळ्यांच्या म्होरं माफी मागायलात. ह्यांना काय कळतंय?"

"मग काय करू?"

"जितं बोललात तितंच बोला."

ती पाल्याकडं वळली. पाणीही विचारलं नाही. बरोबर केलं.

३१ डिसेंबर

सकाळी आठला, पाळी सुरू व्हायच्या आधी, आवारात सगळे जमलेले असताना दत्तरावांना म्हणालो, मला बोलायचंय. म्हणालो, भिवराबाई तीनदा ओरडली होती. मला ऐकू आलं नाही. माझे कान वरच्या आवाजाला गेलेत, हा कागद. चूक माझी, शिक्षा तिला झाली.

दत्तरावांनी कागद उलटसुलट बघितला. "आरं, हे मला खोलीत सांगायचं ना."

"तिला खोलीत लबाड म्हणलं नव्हतं."

दुपारी त्यांनी बोलावलं. भिवराबाई गुरुवारपासून परत, बसवलेल्या दिवसांच्या हजेरीच्या पैशासकट. आणि मशिनवरची राऊंड आता नागेश करणार. नागेश तीस वर्षांचा, माझ्याच हाताखाली शिकलेला. मी वर्कशॉपमध्ये, दुरुस्तीला. हेडफिटर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण तो गेला हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

चांगलं वाटलं असं लिहिणार नाही. दिवसभर वाईट वाटलं.

डायरी संपली. आता मागं जाऊन जानेवारीच्या कोऱ्या पानांवर लिहावं लागेल.

४ जानेवारी

भिवराबाई गुरुवारी कामावर आली. आज जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपच्या दारात येऊन म्हणाली, "तुमी बावीस वर्सं, मी आठ. माझे बी कान बघा की त्या मोबाईलवर." तिचे बघितले. मग नागेशचे. मग रांगच लागली. नागेश तीन हजारांच्या पुढं अडखळला तेव्हा त्याचं हसू गेलं. दत्तरावांकडं सगळ्यांसाठी कानात घालायच्या बोळ्यांची मागणी केलीय. बघतो म्हणाले. उद्या पुन्हा विचारणार, परवा पुन्हा.

१२ जानेवारी, रविवार

औरंगाबादला गेलो. या वेळी राजेश्रीला घेऊन. सिद्धोधन म्हणाला, वहिनीला गिटारीतलं काय कळतंय? मी म्हणालो, तिला ऐकू येतं.

हमीदभाईंनी मला बघून कानाकडं बोट दाखवलं. मी मान हलवली. त्यांनी काही न विचारता त्याच दोन्ही गिटारी काढल्या. मी एकेक मांडीवर घेऊन, पोटाला टेकवून वाजवली. राजेश्री समोर.

"काय फरक हाय ते मला सांग. मला कळंल असं सांग."

ती लाजली. पदर सारखा केला. मग डोळे मिटून ऐकू लागली. "ही पयली हाय ना, हिच्यात आवाजाबरोबर दुसरं बी कायतरी यायलंय. जसं… गहू पाखडताना सुपात खडा वाजतो तसं. आन् तुमचं बोट सरकलं की शूं करतंय."

"आन् दुसरी?"

"हिच्यात तसलं काही न्हाई. ही नुसती… मोटारीचं पाणी हौदात पडायलंय, पण हौद भरत आलाय. धबधब न्हाई, डुबडुब."

हमीदभाई गल्ल्यावरून उठून आले. "बाई, चालीस साल से मैं गिऱ्हाईक को समझा रा हूँ, ऐसा कोई नहीं बोला."

मी हिशोब लावला, आवाजाचा. पहिलीत जे जास्तीचं आहे ते सगळं माझ्या रिकाम्या खोलीत जाणार. मी ते वाजवणार आणि मलाच कळणार नाही की बोट शूं करतंय, खडा वाजतोय. जे मला ऐकू येत नाही ते लोकांना ऐकवायचं, हे एकदा जिनिंगच्या आवारात करून बघितलंय. दुसरी जेवढी आहे तेवढी जवळजवळ सगळी माझ्या वाट्याची. म्हणजे घ्यायची ती सपाट तारांची.

राजेश्रीला विचारलं, "तुला कोणती आवडली?"

"मला पयली. चमचम करतीया." मग थांबून म्हणाली, "पण गाणारा सिद्धोधनभाऊ. वरचं सगळं त्यांचंच असतंय. खाली ही डुबडुबच बरी."

भांडण न होता घेतलेली ही आमची गेल्या किती वर्षांतली पहिली वस्तू. दोन पिकअपची, निमुळत्या मानेची, मधाळ पिवळी. रंग न खरवडलेली घेतली. खरवडायला आपण आहोत.

२ फेब्रुवारी

बोटांना फोड आले. सपाट तारा मऊ लागतात म्हणे. कुणाला लागतात?

१६ फेब्रुवारी

कानाचं मशिन आलं. कुकरची शिट्टी झाली आणि मी उठून उभा राहिलो. निकिता लोळून हसली. घरात इतके आवाज होते! पिशवीचे, चपलेचे, पंख्याचे. हे लिहिताना पेनचाही येतोय, खसखस. चिमण्या बऱ्या आहेत पण अती करतात.

राजेश्रीचा आवाज वेगळाच वाटला. मी लक्षात ठेवला होता त्याच्यापेक्षा तरुण.

९ मार्च

सराव. सिद्धोधन म्हणतो, तू लय वाजवायलास, कमी वाजव. मी शिकलेले सगळे सूर एकाच गाण्यात घालत होतो. सहा सुरांचे दोन केले. गाणं लगेच सरळ उभं राहिलं. वर्कशॉपमध्येही हेच बघतोय, नागेश विचारायला येतो तेव्हा दोनच वाक्यं सांगायची. पहिल्यांदा त्यानं विचारलं तेव्हा जीभ जड झाली होती. आता होत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

काल कार्यक्रम झाला. निळे झेंडे, आणि संध्याकाळीही न उतरलेलं ऊन. स्टेजवर स्पीकर फार मोठे, म्हणून मशिन काढून खिशात ठेवलं आणि कानात बोळे घातले. तरी गिटार ऐकू येत होती, फळ्यांतून तळपायात चढत होती. सिद्धोधनचे शब्द कळत नव्हते, त्याचा खांदा बघून वाजवलं.

तिसऱ्या गाण्यात घोटाळा झाला. ढोलकीवाल्याचा पाय माझ्या वायरीत अडकला आणि पिन निसटली. तळपायातली धमधम एकदम थांबली. सिद्धोधन गातच होता, कीबोर्ड चालू, ढोलकी चालू. पण पुढं बसलेल्या बायकांच्या टाळ्या विस्कटल्या. कुणाला काय झालं ते कळेना, सगळ्या एकमेकींकडं बघू लागल्या. मी खाली वाकून पिन बसवली आणि सिद्धोधनच्या खांद्यावर नजर ठेवून ठेका धरला. टाळ्या पुन्हा एका जागी आल्या.

संपल्यावर सिद्धोधननं गर्दीतच मिठी मारली. कानाशी काहीतरी ओरडला, ते काय होतं हे अजून विचारायचं राहिलंय.

चालत घरी आलो. मशिन लावलेलं होतं. राजेश्री माझ्या डाव्या बाजूनं, थोडी मागं चालत होती.

ती म्हणाली, "खरं सांगू का? दोन गाणी झाली तरी मला तुमची गिटार कळलीच न्हाई. बंद पडली तवा कळलं, ती चालू व्हती म्हणून."

"तिचं तसंच असतंय," मी म्हणालो.

ती चार पावलं चालली. मग म्हणाली, "बायकांचं बी."

मी थांबलो. पुन्हा सांग म्हणावं लागलं नाही.